होसकोटेच्या पानावरची ओळ

ती ओळ मीच लिहिली होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी माझी बाजू घ्यायला धावायला नको. ही हकिगत ज्यांना ज्यांना सांगितली त्यांतल्या निम्म्यांनी मलाच समजावलं, "अगं, कॉम्प्युटरचा घोटाळा तो, त्यात तुझी काय चूक?" कॉम्प्युटर काय डोंबल घोटाळा करणार! त्याला सांगाल ते तो छापतो. मी सांगितलं, त्यानं छापलं, आणि होसकोटेच्या एका बसथांब्यावर अकरा बायकांनी ते वाचलं.

मी बनशंकरीची. जन्म इथला, सासरही इथंच, चार गल्ल्या पलीकडं. वडील सरकारी कारखान्यात इंजिनियर होते, नवरा सरकारी संशोधन संस्थेत आहे. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड, असं आमचं वर्षानुवर्षं चाललंय. लग्नाआधीपासून मी प्रोग्रॅमिंगची नोकरी करत होते, मुलगी झाली तेव्हा सोडली. ती शिकायला परगावी गेल्यावर, सेहेचाळिसाव्या वर्षी, मी परत अर्ज करायला लागले. किती ठिकाणांहून नकार आला ते विचारू नका. शेवटी कोरमंगलात, एका डोशाच्या हॉटेलच्या वरच्या मजल्यावर, सहा जणांचं एक ऑफिस होतं, तिथं मला घेतलं. सहा महिने चाचणीवर, मग कायम केल्याचं पत्र. मालक पुण्याचा, माझ्या धाकट्या भावापेक्षाही लहान. मुलाखतीत हसून म्हणाला, "मॅडम, पीएचपी आता कोण लिहितं?" मी म्हटलं, "ज्यांची पानं रोज सकाळी उघडावीच लागतात ते." तेवढ्यावर मला नोकरी मिळाली.

पीएचपी म्हणजे वेबसाइटची पानं तयार करणारी, सर्व्हरवर चालणारी भाषा. जुनी आहे. ऑफिसातली पोरं तिचं नाव काढलं की नाकं मुरडायची. मुरडू देत! तिच्यात 'एको' म्हणून एक शब्द आहे. एको लिहायचं, पुढं अवतरणचिन्हांत हवं ते वाक्य घालायचं; कुणी पान उघडलं की सर्व्हर ते वाक्य त्याच्या फोनवर पाठवून देतो. वाचणाऱ्याला एको दिसत नाही, अवतरणं दिसत नाहीत, लिहिणारी बाई तर मुळीच दिसत नाही. त्याच्यापुढं नुसतं वाक्य येतं, आणि ते कंपनीनंच म्हटलंय असं तो समजतो.

माझ्याकडं असलेलं पान शहराबाहेर, होसकोटेच्या एका कारखान्याचं होतं. तिथं कंत्राटावर चारएकशे माणसं काम करायची. रोज पहाटे कारखान्याचा कारकून त्या दिवसाची यादी सर्व्हरवर चढवायचा, कोण कुठल्या लाइनवर, कुठली बस. माझं पान ती यादी उचलून दाखवायचं. यादी यायला उशीर झाला तर कन्नडमध्ये 'यादी अजून आलेली नाही, कृपया थांबा' असं दिसायचं. कच्चा माल नसला, की 'आज काम नाही' असं दिसायचं, आणि माणसं थांब्यावरूनच माघारी जायची. महिन्यातून एकदोनदा असं व्हायचंच. पान सांगेल तसं वागायची त्यांना सवय झालेली होती.

आता माझी खोड सांगते. प्रोग्रॅम कुठं अडतोय ते शोधायचं असेल तर मी मधेमधे एकोच्या ओळी टाकते, आणि त्या मराठीत टाकते. 'इथवर आले.' 'यादी मिळाली.' 'अगं बाई, तू इथं कशी?' बाकीची पोरं इंग्रजीत 'टेस्ट' नाहीतर 'हॅलो' लिहितात. मला तसल्या शब्दांची गर्दीत ओळखच पटत नाही. मराठी ओळ दिसली की डोळा बरोब्बर तिथं जातो. शिवाय दिवसभर त्या ऑफिसात माझ्याशी मराठीत बोलणारं कुणी नव्हतं. मालक पुण्याचा असूनही चार शब्दांतले तीन इंग्रजी. मग मीच माझ्याशी बोलायचे, पडद्यावर. काम झालं की ओळी काढून टाकायच्या.

त्या सोमवारी संध्याकाळी मी यादी रिकामी असली तर काय होतं ते तपासत होते. तिथली कन्नड ओळ तात्पुरती बंद केली आणि स्वतःसाठी लिहिलं, 'आज इथं काही नाही. घरी जा.' थकले होते, सहा वाजून गेले होते, बस पकडायची होती. ते स्वतःलाच म्हटलेलं होतं. एकूण आठ ओळी टाकल्या होत्या. सात काढल्या, फाईल चढवली आणि पर्स उचलून निघाले. सात! अजून तो आकडा आठवला की कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो.

मंगळवारी कारकुनाला वीस मिनिटं उशीर झाला. यादी रिकामी. थांब्यावर बायकांनी पान उघडलं, तर माझी ओळ. कन्नड बायकांना त्यातलं काही कळेना, म्हणून त्या बस आल्यावर मुकाट चढून गेल्या. निपाणीकडच्या अकरा मराठी बायका होत्या, शेजारशेजारच्या खोल्यांत राहणाऱ्या, तीन महिन्यांपूर्वी एकत्र आलेल्या. त्यांनी वाचलं आणि त्या खोलीवर परत गेल्या.

साडेदहाला कारखान्याच्या एचआरमधल्या बाईंचा फोन आला. मालकानं स्पीकरवर टाकला. बाई कन्नड, बोलायला नेमक्या. म्हणाल्या, अकरा जणी न सांगता गैरहजर आहेत, एक लाइन बंद पडली, आणि वर म्हणतात की तुमच्या पानावर मराठीत घरी जायला सांगितलं होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मालकानं माझ्याकडं बघून ओठावर बोट ठेवलं आणि फोनला म्हणाला, "मॅम, आमचं पान फक्त कन्नड आणि इंग्लिशमध्ये आहे. मराठी त्यात येणारच कुठून?"

बाई म्हणाल्या, "मलाही तेच वाटलं. कुणाकडं फोटोही नाहीये. सरी, ठीक आहे." आणि फोन ठेवला.

मालकानं मला आत बोलावलं. तोवर त्यानं फाईल उघडून पाहिली होती. "मॅडम, हे काय लिहिलंय? आर यू सीरियस?" मी म्हटलं, "चुकले. माझीच चूक आहे. त्यांना आत्ता फोन करू आणि सांगू." तो म्हणाला, "वेडबिड लागलंय का? काँट्रॅक्ट रिन्यूअलला आहे. ती लाइन काढा, जुनी फाईल पण उडवा. विषय संपला." मग आवाज खाली आणून, अगदी मऊपणानं, "शुक्रवारी तुमचं कन्फर्मेशन लेटर आहे ना, काकू? थोडं सांभाळून."

एरवी मॅडम म्हणणारा माणूस गरज पडली की काकू म्हणतो, तेव्हा सावध व्हावं हे मला त्या दिवशी कळलं. मी ओळ काढली. ती काढायलाच हवी होती. कन्नड ओळ पुन्हा जागेवर घातली. जुनी फाईल मात्र उडवली नाही. आणि दिवसभर मूग गिळून बसले. हेही लिहितेच, कारण तो दिवस मी गप्प होते आणि त्याची मला आजही लाज वाटते.

बुधवारी सकाळी पान नीट चालतंय का पाहायला मी घरूनच उघडलं. यादी वेळेवर आली होती. पण ती आखूड दिसली. मी खालीवर केली, मोजली, पुन्हा मोजली. निपाणीच्या अकराच्या अकरा बायकांची नावं नव्हती. तीन महिने मी ती नावं रोज पाहत होते. माझ्या पानावर तेवढीच मराठी आडनावं, त्यामुळं ती लक्षात राहिलेली.

ऑफिसात जाऊन मालकाला विचारलं. तो म्हणाला, "कंत्राटदारानं काढलं असेल. नव्या लेबरला विदाउट नोटीस अ‍ॅब्सेंट चालत नाही. वर खोटं बोलल्या ना त्या."

"खोटं बोलल्या?" मी म्हटलं. "कोण खोटं बोललं ते तुम्हाला पण ठाऊक आहे आणि मला पण."

"मॅडम, इट्स नॉट अवर प्रॉब्लेम."

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो वाईट माणूस नाही. तीस वर्षं सरकारी नोकरीत काढली की माणसाला कुठल्याही कागदावर सही करायच्या आधी दहा वेळा विचार करायची सवय लागते, तेवढंच. तो म्हणाला, "सुम्ने इरु, गप्प बस. इतक्या मुश्किलीनं नोकरी मिळालीये तुला. पत्र हातात पडू दे, मग बघू."

"पत्र हातात पडल्यावर मी काय बघणार? तोवर त्या गावाला गेलेल्या असतील."

"तू काय जगाचा मक्ता घेतलायस?"

"जगाचा नाही. एका ओळीचा घेतलाय," मी म्हटलं. "ती मी लिहिली होती."

उठून त्यानं माझ्यासाठी कॉफी केली आणि पुढ्यात ठेवली. मला मात्र त्याचा राग येतच राहिला, आणि त्याहून जास्त माझा.

गुरुवारी मी रजा टाकली आणि दोन बसगाड्या बदलून होसकोटेला गेले. बायकांच्या खोल्या कुठं आहेत ते थांब्याजवळच्या पानवाल्यानं सांगितलं. 'मराठी अक्का लोग' म्हटल्यावर त्याला लगेच कळलं. एका लांबलचक चाळवजा इमारतीत तीन खोल्या होत्या. बाहेर दोन पिशव्या बांधून ठेवलेल्या दिसल्या. मंगळवारी बाकीच्यांना ती ओळ वाचून दाखवणारी बाईच पुढं आली. पस्तिशीची असेल, बारीक, आवाज मात्र खणखणीत. मला बघून म्हणाली, "कोन पायजे?"

येताना बसमध्ये मी चार वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना. म्हटलं, "ते घरी जा मी लिहिलं होतं. कंपनीच्या पानावर. चुकून राहिलं."

मागच्या बायकाही बाहेर आल्या. मला वाटलं, आता शिव्या बसणार, आणि बसायलाच हव्या होत्या. पण तिनं आधी मागं वळून मोठ्यानं सांगितलं, "बगा गं, व्हतं! म्या काय येडी न्हाई!" मग तिचे डोळे भरून आले. दोन दिवस तिला सगळ्या बोल लावत होत्या, की तूच वाचून दाखवलंस, तुझ्यामुळं आमची कामं गेली. सुपरवायझर तिला खोटारडी म्हणाला होता. तिला स्वतःलाच वाटायला लागलं होतं की आपण स्वप्नात वाचलं की काय.

मी म्हटलं, "पण तुम्हाला संशय नाही आला? रोज कन्नडमध्ये असतं, आणि एकदम मराठी?"

ती म्हणाली, "संशय कशाचा वो, बाई? आमाला आनंद झाला की. वाटलं, आता आमच्या भाषेत बी लिवायला लागले. आमी पन हितंच राबतोय, आमाला बी कुनीतरी इचारलं."

मी तिथं पायरीवर बसले आणि रडले, सरळ रडले, अकरा अनोळखी बायकांसमोर. कुणीतरी पाणी आणून दिलं. निघताना मी तिला माझा नंबर दिला आणि सांगितलं, त्या पिशव्या सोडा, सोमवारपर्यंत कुणी गावाला जायचं नाही. कुठल्या भरवशावर सांगितलं, देव जाणे.

शुक्रवारी पहाटे पाचला उठले. दिवे लावले, लॅपटॉप उघडला. सर्व्हरची किल्ली, म्हणजे पासवर्ड, माझ्याकडं होती, कारण ते पान सांभाळायला दुसरं कुणी तयारच नसायचं. यादीच्या वर, मोठ्या अक्षरांत, मी एको लिहिलं. आधी कन्नड, शाळेत शिकलेलं, दोनदा तपासून. खाली मराठी:

'मंगळवारी सकाळी या पानावर "आज इथं काही नाही. घरी जा." असं छापून आलं होतं. ती ओळ मी लिहिली होती. काम तपासताना माझ्याकडून चुकून राहिली. ती वाचून परत गेलेल्या अकरा बायका खरं बोलत आहेत. त्यांची गैरहजेरी लावू नये आणि त्यांची नावं यादीत परत घ्यावीत. पानाचं काम करणारी.'

अवतरण बंद, अर्धविराम, फाईल चढवली. नवरा दारात उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. म्हणाला, "कन्नडमधलं 'गैरहजेरी' बरोबर आहे का बघ." मी म्हटलं, "बघितलंय." तो म्हणाला, "मग सरी," आणि दूध आणायला गेला. मंगळवारची जुनी फाईलही मी एचआरच्या बाईंना मेलनं पाठवली, कुठली ओळ ते दाखवून.

साडेसहापर्यंत पान चारशे फोनांवर उघडलेलं होतं. सातला मालकाचा पहिला फोन. मी उचलला नाही. साडेसातला तिसरा. उचलला. तो इंग्रजीत ओरडत होता. मी म्हटलं, "हे बघा, मराठीत ओरडा, मला नीट कळेल." तो खरंच मराठीत म्हणाला, "तुम्ही माझी वाट लावलीत. कळतंय का तुम्हाला?" आवाज कापत होता. मला त्याची कीव आली, पण माघार घ्यावी इतकी नाही.

नऊ वाजता ऑफिसात पोहोचले. पोरं मान खाली घालून बसलेली. मालकानं आत बोलावलं, आणि तेवढ्यात एचआरच्या बाईंचा फोन आला. त्यानं स्पीकरवर टाकला नाही. मी हात लांब करून बटण दाबलं. एवढी हिंमत कुठून आली कोण जाणे, पण दाबलं.

"अक्का आहेत का तिथं?" बाई विचारत होत्या. "ज्यांनी लिहिलं त्या?"

"आहे," मी कन्नडमध्ये म्हटलं. "मीच."

"हे खरं आहे? की त्या बायका तुमच्या नात्यातल्या आहेत म्हणून लिहिलंय?"

"मी त्यांना कालच्या आधी कधी बघितलंही नव्हतं. फाईल पाठवलीये तुम्हाला. एकशे चौथी ओळ बघा. आणि मंगळवारी तुम्ही फोन केलात तेव्हा मी इथंच बसले होते. तेव्हा बोलले नाही. त्याची माफी मागते."

बाई म्हणाल्या, "मंगळवारी तुम्ही लोकांनी मला सांगितलं होतं, मराठी येणारच कुठून." हे त्यांनी मला उद्देशून म्हटलं नव्हतं. मालकाचं तोंड उतरलं. फोन बंद झाला.

तो म्हणाला, "तुमचं लेटर टाइप करून ठेवलं होतं, मॅडम. आता नाही देता येणार."

"माहीत आहे."

"सॉरी म्हणालात तर अजून बघता येईल. पानावरचा मजकूर काढून टाका, मी क्लायंटला सांगतो, गैरसमज झाला."

"सॉरी मी ज्यांना म्हणायला हवं होतं त्यांना म्हटलंय. चारशे जणांनी वाचलंय. तुम्हाला कशाबद्दल म्हणू?"

मी माझा डबा, चष्म्याची केस आणि खुर्चीवरची शाल घेतली. जाताना ऑफिसातल्या सगळ्यात लहान मुलीनं, जी माझ्या पीएचपीला हसायची, उठून दार उघडून धरलं. खाली हॉटेलात मी एकटीनं बसून मसाला डोसा खाल्ला. भूक लागली होती, सकाळपासून पोटात काही नव्हतं. चटणी साडीवर सांडली.

शनिवारी मी दहा वेळा पान उघडलं. माझा मजकूर काढलेला होता, यादी तशीच आखूड होती. नवराही आपल्या फोनवर तेच बघत होता, मला कळत होतं. रविवारी कारखाना बंद. सोमवारी पहाटे पावणेसहाला मी पान उघडलं, यादी आली होती, आणि मी नावं मोजायला लागायच्या आधीच फोन वाजला. नंबर अनोळखी होता, आवाज मात्र खणखणीत.

"बाई, आली! अकराच्या अकरा आली! बसमदीच हाय आता, ऐकू येतंय का?" मागून बायकांचा गलका येत होता. ती म्हणाली, "आन तुमचं? तुमचं नाव ऱ्हायलं का तिथं?"

"माझं काढलं," मी म्हटलं.

तिनं बायकांना काहीतरी सांगितलं, मग पुन्हा फोनवर आली. "कुठं हाय ते तुमचं आपिस? आमी समद्या येतो. अकराजणी हुबं ऱ्हातो तितं दारात. बगू कसं काढत्यात."

ती अजिबात गंमत करत नव्हती. मी हो म्हटलं असतं तर पुढच्या थांब्यावर उतरून सगळ्या कोरमंगलाच्या बसमध्ये चढल्या असत्या, आणि त्यांच्या हजेरीवर पुन्हा गैरहजर लागलं असतं. मी म्हटलं, "नको गं बाई, तुम्ही कामाला जा." ती म्हणाली, "मग तुमी काय करनार?" मी म्हटलं, "आजच दोन अर्ज टाकते. मागची नोकरी का सुटली म्हणून विचारलं, तर तुमचाच नंबर देते." ती म्हणाली, "द्या. समदं सांगते मी."